चार अधिक चार

यंत्रांचे आणि माझे फारसे सख्य नाही, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आता निराळे सांगायला नको. दिवे गेले की शेजारचे गृहस्थ स्क्रू-ड्रायव्हर शोधतात आणि मी मेणबत्ती शोधतो. मी मराठीचा प्राध्यापक. ‘प्रतिकार’ या शब्दाच्या चार छटा मी वर्गात घंटा होईपर्यंत उलगडून दाखवू शकतो. पण तांब्याची साधी तारही प्रतिकार करते, तो मोजता येतो आणि न मोजल्यास भोवतो, हे कळण्यासाठी मला पंचेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले आणि घरात एक सबवूफर यावा लागला.

सबवूफर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारी मुले आहेत त्यांना पुरते ठाऊक असेल. इतरांसाठी दोन शब्द सांगतो. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. यांतले अगदी तळाचे आवाज, म्हणजे ढगांचा गडगडाट, हत्तीची पावले, मोठ्या ढोलाचा घुमारा, हे काढायचे तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. लहान स्पीकरच्या पडद्याला ते झेपत नाही. म्हणून त्या कामासाठी मोठ्या पडद्याचे एक वेगळे खोके ठेवतात, तोच सबवूफर. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला, तेव्हा भूकंपाचा हादरा प्रेक्षकांना खुर्चीत बसवावा म्हणून कित्येक चित्रपटगृहांत अशी प्रचंड खोकी मुद्दाम नेऊन ठेवली होती. पुढे १९९२ साली ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बीची डिजिटल पद्धत चित्रपटगृहांत आली आणि काही वर्षांतच ती आपल्यासारख्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसली.

या पद्धतीत पाच स्पीकर असतात: तीन समोर, दोन बाजूंना किंवा पाठीशी. आणि सहावा हा सबवूफर. पण त्याला सहावा म्हणायचे नाही. हिशेब ‘पाच पूर्णांक एक’ असा मांडायचा. कारण त्याच्यासाठी राखून ठेवलेली पट्टी जेमतेम १२० कंपनांपर्यंतची. एकूण पल्ल्याच्या मानाने ती एवढीशी, म्हणून त्याला पूर्ण अंकाचा मान नाही. दशांश चिन्हाच्या पलीकडे बसवले आहे बिचाऱ्याला. मला हे वाचून उगीचच वाईट वाटले. घराचा तळ सांभाळून बसणाऱ्या माणसाची गणना बहुधा अशीच दशांशात होत असते.

तर गेल्या दिवाळीत आमच्या कन्येच्या आग्रहावरून आमच्याकडे रिसीव्हर आला आणि पाच स्पीकर आले. सहावा अंदाजपत्रकात बसला नाही. ‘बाबा, सगळं ऐकू येतं, पण तळ नाही हो,’ असे कन्या अधूनमधून म्हणे. मी म्हणे, ‘पुढच्या वर्षी बघू.’

पुढचे वर्ष उजाडण्याच्या आधीच जूनमध्ये एके दिवशी साताऱ्याहून माझा पुतण्या आला. त्याला पुण्यात कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मित्राच्या गाडीतून त्याने एक बोजड खोके उतरवले आणि दोघांनी मिळून ते जिना चढवून वर आणले.

‘बाबांनी दिलंय, काका. म्हणाले, तुमच्याकडे पाच आहेत, सहावा नाही.’

येथे थोडे मागे जायला हवे. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वीजमंडळात त्याची नोकरी झाली. फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करणे आणि स्पीकरची खोकी बनवणे हा त्याचा छंद. वडिलांची अखेरची आठ वर्षे दादाने आणि वहिनीने काढली. मी पुण्याहून महिन्याकाठी जाऊन येई, येताना पेढे नेई आणि जाताना भाजीची पिशवी घेऊन येई. चार वर्षांपूर्वी वडील गेले. घर जुने होते, गिऱ्हाईक चालून आले. दादा म्हणाला, ‘वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू.’ मी म्हणालो, ‘गिऱ्हाईक थांबणार नाही.’ खरे सांगायचे तर माझ्या फ्लॅटचे कर्ज थांबणार नव्हते. घर विकले गेले. सहीच्या वेळी मी कागद दोनदा वाचून पाहिले आणि म्हणालो, ‘दोघांचा वाटा अगदी समान आहे. हिशेब बरोबर आहे.’ दादाने मान हलवली आणि सही केली. त्यानंतर आमच्यात भांडण असे झाले नाही. पण बोलणेही झाले नाही. दिवाळीला त्याच्या फोनवरून पणतीचे चित्र येई, मी उलट आकाशकंदिलाचे पाठवी, की संपले.

आणि आता हे खोके. सागवानी फळ्यांचे होते. पॉलिश नवे होते, पण एका बाजूला कुलपाचे जुने भोक लाकडाची पाचर मारून बुजवलेले दिसत होते. ते भोक मी ओळखले. वडिलांच्या खोलीतल्या कपाटाचे ते भोक. लहानपणी त्यातून आत डोकावून लाडू आहेत की नाहीत याचा तपास आम्ही दोघे करीत असू. मी पुतण्याला काही बोललो नाही. सौभाग्यवतीनेही पाहिले, तीही काही बोलली नाही.

खोक्यासोबत चिठ्ठी नव्हती. पाठीमागे एका ओळीत पितळेचे चार स्क्रू होते आणि त्यांच्या वर पेन्सिलीने दादाच्या अक्षरात लिहिले होते: ‘४ + ४’.

आता सामान्य स्पीकरला तारा जोडायला दोन जागा असतात, एक अधिकची आणि एक उण्याची, एवढे मलाही ठाऊक होते. येथे चार कशा?

‘आत दोन कॉइल आहेत, काका,’ पुतण्या म्हणाला. ‘बाबांना फोन करून विचारा ना.’

‘बघतो मी,’ मी म्हणालो. या दोन शब्दांत मराठी माणसाचा किती अहंकार मावतो, यावर कोणी प्रबंध लिहिलेला नाही.

पहिला प्रयोग मी त्याच आठवड्यात केला. रिसीव्हरच्या पाठीमागे ‘सबवूफर’ असे लिहिलेले एक गोल भोक होते. त्यात तार खोचून तिची दोन टोके मी चारांपैकी दोन स्क्रूंना जोडली. सारे कुटुंब समोर बसले. आवाज आला नाही. कन्येने माहितीपुस्तक उघडून शांतपणे वाचून दाखवले: त्या भोकातून ताकद येत नाही, फक्त खूण येते. पाच स्पीकरांना पुरेल एवढी ताकद रिसीव्हरच्या पोटात असते. सहाव्यासाठी तो नुसती चिठ्ठी पाठवतो. ओझे उचलणारा हमाल आपला आपण आणायचा असतो. बाजारातल्या बहुतेक सबवूफरांच्या पोटात तो हमाल, म्हणजे ॲम्प्लिफायर, बसवलेलाच असतो. दादाने पाठवलेले खोके रिकाम्या पोटाचे होते.

तेव्हा मी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. पुण्यातल्या वाचकांना ही गल्ली सांगायला नको. विजेचा जो जिन्नस जगात आहे तो तिथे कुठल्या तरी फळीवर आहे. एका दुकानदाराने एक जुना पण चांगला ॲम्प्लिफायर दाखवला. तो खास सबवूफरसाठीच होता, वरचे आवाज गाळून फक्त तळाचे पुढे पाठवणारा. दुकानदाराने विचारले, ‘किती ओहमचा आहे तुमचा?’ मी म्हणालो, ‘चार अधिक चार.’ त्याने माझ्याकडे आदराने पाहिले, असे मला त्या वेळी वाटले.

दुसरा प्रयोग असा. माझा तर्क सरळ होता. दोन गुंडाळ्या आहेत, दोघींना सारखीच वीज मिळायला हवी, समान वाटा. म्हणून मी दोघींची टोके जोडीजोडीने एकत्र केली आणि ॲम्प्लिफायरच्या दोन जागांना लावली. आवाज आला! नुसता आवाज नव्हे. स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणे थरथरली. मी विजयी मुद्रेने सोफ्यावर बसलो. कन्येने ‘ज्युरासिक पार्क’ लावला, १९९३ सालचा. त्यात तो राक्षसी प्राणी दिसण्यापूर्वी त्याची पावले ऐकू येतात आणि पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठतात, तो प्रसंग. पेल्यातले पाणी हलले, आमच्या टीपॉयवरचा चहाही हलला. आणि दहाव्या मिनिटाला ॲम्प्लिफायरवर तांबडा दिवा लागला. सारे गप्प.

कन्या बारावीला आहे. तिने वही घेतली आणि मला जे शिकवले ते वाचकांनाही सांगून टाकतो, कारण या विषयाचा गाभा तेवढाच आहे.

प्रत्येक गुंडाळीचा अडथळा चार ओहम. दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी जोडल्या की विजेला जायला दोन वाटा मिळतात, म्हणून अडथळा वाढत नाही, निम्मा होतो: दोन ओहम. त्याच दोन गुंडाळ्या एकीच्या शेपटीला दुसरी अशा ओळीने जोडल्या तर विजेला दोन्ही घाट चढावे लागतात: आठ ओहम. समजा, ॲम्प्लिफायर २० व्होल्टचा दाब देतो. आठ ओहमांतून अडीच अँपिअर वाहतील आणि ५० वॅट खर्च होतील. चार ओहमांतून पाच अँपिअर आणि १०० वॅट. दोन ओहमांतून दहा अँपिअर आणि २०० वॅट. अडथळा जितका कमी, तितके यंत्राच्या पाठीवर ओझे अधिक. आणि त्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर स्वच्छ छापले होते: कमीत कमी चार ओहम. मी त्याच्यावर दोन ओहम लादले होते. त्याने दहा मिनिटे वाहिले आणि जीव वाचवण्यासाठी स्वतःला बंद करून घेतले. जन्मभर विद्यार्थ्यांना ‘ओळ नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या माझ्या ध्यानात ती ओळ आली नव्हती.

‘बाबा, हा ओहमचा नियम आहे,’ कन्या म्हणाली. ‘१८२७ सालचा.’

हा ओहम कोण म्हणून मी शोध घेतला, आणि मला तो एकदम आपला माणूस वाटू लागला. गेओर्ग ओहम जर्मनीत कोलोनच्या शाळेत मास्तर होता. १८२७ साली त्याने पुस्तक लिहिले. त्याचे स्वागत इतके थंड झाले की मास्तरांनी नोकरीचा राजीनामा दिला. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले, आणि आज अडथळ्याचे मापच त्याच्या नावाने चालते. ज्या माणसाच्या वाटेत लोकांनी एवढे अडथळे घातले, त्याचेच नाव अडथळ्याला मिळावे, याला काय म्हणावे!

असो. तिसऱ्या प्रयोगासाठी मी एक मीटर विकत आणला. आता अडाणीपणा पुरे, मोजूनमापून काम करायचे, असे ठरवले. चार स्क्रूंपैकी कोणते दोन एका गुंडाळीचे, हे मीटरने सांगितले. प्रत्येक गुंडाळी साडेतीन ओहम दाखवीत होती. चारला साडेतीनच का, म्हणून मी दचकलो. पण कन्या म्हणाली, मीटर नुसती तार मोजतो, वाजताना होणारा अडथळा याहून थोडा अधिक असतो. तेव्हा हे ठीक आहे. मग मी एका गुंडाळीचे टोक दुसरीच्या टोकाला जोडले आणि उरलेल्या दोन टोकांना मीटर लावला. बरोबर सात. म्हणजे ओळीने जोडणी झाली, ॲम्प्लिफायर सुखरूप, हिशेब अचूक. मी समाधानाने कळ दाबली.

तांबडा दिवा लागला नाही. आणि आवाजही आला नाही.

‘ज्युरासिक पार्क’मधला तो प्राणी पायात मोजे घालून आला आणि मोजे घालून गेला. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उठली, पण ती का उठली याचे कारण आमच्या घरापुरते उरले नव्हते. मी आवाजाची कळ वाढवली. काही नाही. आणखी वाढवली. पुन्हा मीटर लावून पाहिला, सात. सारे बरोबर, आणि काहीच नाही. तेवढ्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘अहो, बंद करा आधी ते. जळकट वास येतोय.’

खोक्यातून तापलेल्या रोगणाचा वास येत होता. मी घाईने सारे बंद केले. ती क्षणभर त्या कुलपाच्या भोकाकडे पाहत उभी राहिली.

‘आता भाऊजींना फोन करा,’ ती म्हणाली. ‘स्पीकर नवा मिळेल.’ आणि आत गेली.

तो सप्टेंबर महिना होता. जूनपासून मी तीन महिने ‘बघतो’ म्हणत होतो. त्या रात्री नऊच्या सुमारास मी साताऱ्याला फोन लावला. मनात वाक्ये जुळवली होती: प्रकृती कशी आहे, वहिनी कशा आहेत, पाऊस किती झाला. पण दादाचा ‘हॅलो’ ऐकताच ती सारी पळाली आणि मी म्हणालो,

‘दादा, मीटर सात दाखवतोय, पण वाजत नाही.’

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग दादा म्हणाला, ‘वास आला का?’

‘आला.’

‘लगेच बंद केलंस?’

‘हिनं करायला लावलं.’

‘मग वाचला असेल. बस खाली, सांगतो.’

जणू काल रात्रीच आमचे बोलणे थांबले होते, अशा सुरात त्याने सांगायला सुरुवात केली. स्पीकरची मूळ युक्ती साधी. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, गुंडाळीला चिकटलेला पडदा. वीज वाहिली की गुंडाळी पुढे-मागे होते आणि पडदा हवा ढकलतो. अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली हा घाट पक्का करून दाखवला, आणि आजही बहुतेक स्पीकर त्याच घाटाचे आहेत. ‘तुझ्या स्पीकरात एकाच नळीवर दोन गुंडाळ्या आहेत,’ दादा म्हणाला. ‘चुंबक एक, पडदा एक. तू त्यातली एक उलटी जोडलीस. एक म्हणते पुढे चल, दुसरी म्हणते मागे चल. दोघींचा जोर सारखा. पडदा जागचा हलत नाही.’

‘मग ताकद जाते कुठे?’

‘तापण्यात. दोघी तापतात. बाहेरच्याला काही ऐकू येत नाही.’

‘पण मीटर तर बरोबर सांगत होता.’

‘मीटरला अडथळा कळतो रे, दिशा कळत नाही. हिशेब बरोबर आला म्हणून काम बरोबर झालं, असं नसतं.’

मी गप्प राहिलो. तो स्पीकरविषयीच बोलत होता. त्यात शंका नाही. पण वाक्य माझ्या कानात जरा खोलवर गेले.

मग त्याने दिशा ओळखायची रीत सांगितली. दीड व्होल्टचा साधा सेल घ्यायचा. जुन्या तारा सोडवायच्या आणि एका गुंडाळीच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवायचा, क्षणभरच. पडदा बाहेर सरकला तर सेलच्या अधिक टोकाला जे टोक लागले आहे ते अधिकचे. आत गेला तर उलटे. तसेच दुसरीचे. मी फोन कन्येच्या हातात दिला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि खोक्यासमोर मांडी घातली. सेल टेकताच खट् झाले आणि तो बारा इंची पडदा किंचित पुढे आला, झोपेतून कोणी मान उचलावी तसा. खुणेला काही सापडेना, तेव्हा सौभाग्यवतीने कुंकवाचा करंडा पुढे केला. चारांपैकी दोन स्क्रूंना कुंकू लागले.

‘आता पहिलीचं उणं दुसरीच्या अधिकला,’ दादा म्हणाला. ‘उरलेली दोन ॲम्प्लिफायरला.’

‘दादा, पण अशा जोडणीत वॅट कमी होतात. दोन ओहमला २०० येतात, इथं ५०च.’

‘ओहम शिकलास वाटतं! चौथाई झाली म्हणून आवाज चौथाई होत नाही. फक्त सहा डेसिबलनं उतरतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. शिवाय शंभर वॅट घातले तरी आवाज होऊन बाहेर पडतो जेमतेम एखादा वॅट, बाकी सगळी ऊबच. तुझ्या खोलीला ५० म्हणजे डोक्यावरून पाणी.’

‘आणि एकच गुंडाळी जोडली असती तर?’

‘चाललं असतं. पण ताकद निम्मीच पेलली असती, आणि दुसरी नुसतीच ओझं होऊन बसली असती. दोन वाहिन्यांचा ॲम्प्लिफायर असता तर एकेक वाहिनी एकेकीला देता आली असती. दोघींना आवाज मात्र अगदी सारखा मोजून द्यावा लागतो. तुझ्याकडे एकच आहे, तेव्हा दोघींना एका ओळीत बांध. अरे, मी लिहून ठेवलं होतं की!’

‘काय?’

‘चार अधिक चार. बेरीज फक्त ओळीनं जोडल्यावरच होते. मधलं चिन्ह वाचलं नाहीस? मराठीचा प्राध्यापक ना तू?’

मी मागे वळून पाहिले. पेन्सिलीचे ते अधिक चिन्ह तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होते. मी त्याचा अर्थ ‘आणि’ असा घेतला होता.

कळ दाबली. आवाज अगदी हळू ठेवला होता. आधी ऐकू आले असे म्हणवत नाही. जमिनीतून तळपायांना कळले. मग त्या प्राण्याची पावले आली, मोजे काढून. कन्येने टाळ्या पिटल्या. फोन अजून चालू होता.

‘येतोय आवाज इथवर,’ दादा म्हणाला.

‘दादा, कपाट ओळखलं मी.’

‘ओळखशील म्हणून तर भोक बुजवलं, पण रंगानं झाकलं नाही.’

‘तेव्हा मी घाई केली. वर्षश्राद्धापर्यंत थांबायला हवं होतं.’

हे वाक्य चार वर्षे माझ्याकडे तयार होते. ते म्हणायला जागा मिळत नव्हती. पलीकडे पुन्हा शांतता. मागे वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता.

‘वाजतोय ना?’ दादा म्हणाला. ‘मग राहू दे आता ते.’

दसऱ्याला दोघेही आले. जेवणाआधीच दादाने खोक्याचा ताबा घेतला. मी ते सोफ्याशेजारी, शोभेल असे ठेवले होते. त्याने ते सरळ कोपऱ्यात ढकलले. दोन भिंतींचा आधार मिळाला की तळाचा आवाज आपोआप भरतो, म्हणाला. मग त्याने रिसीव्हरच्या यादीत शिरून पाचही स्पीकर ‘लहान’ असे नोंदवले आणि ८० कंपनांखालचा सारा भार सबवूफरकडे वळवला. गंमत अशी की त्याबरोबर संवादही पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागले. लहान स्पीकरांच्या डोक्यावरचे ओझे उतरले होते आणि ते आपापले काम नीट करू लागले होते. थोरल्याने ओझे घेतले की धाकट्यांची बोलणी गोड होतात, हे आमच्या घरात पूर्वीही घडत होते. फक्त ते कोणाच्या लक्षात येत नव्हते.

नंतर दादा जिन्यावर गेला आणि खालच्या मजल्यावर उभा राहून ऐकून आला. तळाचा आवाज फार लांब पावलांचा असतो. ४० कंपनांची एक लाट साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ २८ फूट लांब. आमचा दिवाणखाना १६ फुटांचा. भिंतीला आणि जमिनीला ती फारशी जुमानत नाही. ‘खाली तान्हं बाळ आहे तुमच्याकडे,’ दादा म्हणाला आणि आवाजाची कळ मागे फिरवून तिच्यावर कुंकवाचीच एक खूण केली. ‘याच्या पुढे नाही. आणि रात्री दहानंतर बंदच.’ निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे २००० सालच्या नियमांत लिहिलेले आहे. पण दादाला तो नियम ठाऊक असेल असे मला वाटत नाही. त्याने फक्त जिन्यावर जाऊन पाहिले.

कन्येला त्याला ‘ज्युरासिक पार्क’ दाखवायचा होता. दादाला पखवाजाच्या साथीचे भजन हवे होते. भजन लागले. दादाने तळहात खोक्यावर ठेवला होता. पखवाजाच्या धुमेवर थाप पडली की ती आधी त्याच्या हाताला कळत असावी, कारण मान किंचित आधी हलत होती. मी शेजारी बसलो. आम्ही काही बोललो नाही. पण हे न बोलणे पूर्वीच्या न बोलण्याहून अगदी निराळे होते.

निघताना त्याने खोके थोडे पुढे ओढले, जोडण्या पुन्हा एकदा चाचपून पाहिल्या आणि खिशातून पेन्सिल काढली. ‘४ + ४’च्या पुढे त्याने लिहिले: ‘= ८’.

‘पुढच्या वेळी विसरशील,’ तो म्हणाला.

यंदा दिवाळीला पणतीचे चित्र पाठवायचे नाही, असे आमचे ठरले आहे. पाडव्याला आम्हीच साताऱ्याला जाणार आहोत.